विंचेल: एका गॉसिप सदराला अख्खी अमेरिका का घाबरत होती

नोव्हेंबर १९९८ मध्ये एचबीओ या अमेरिकन वाहिनीने 'विंचेल' नावाचा चरित्रपट दाखवला. दिग्दर्शक पॉल मॅझर्स्की, मुख्य भूमिकेत स्टॅनली टुची. त्या कामासाठी टुचीला एमी आणि गोल्डन ग्लोब असे दोन्ही पुरस्कार मिळाले. चित्रपट चांगला आहे, पण तो अमेरिकन प्रेक्षकांसाठी बनवलेला आहे. वॉल्टर विंचेल कोण आणि त्याला लोक इतके का घाबरत, हे त्यात बरंचसं गृहीत धरलेलं आहे. आपण बघायला बसलो की पहिला प्रश्न तिथेच पडतो. कोण कोणाबरोबर जेवायला गेलं आणि कोणाचा घटस्फोट होणार, हे लिहिणाऱ्या माणसाला राष्ट्राध्यक्ष का भेटतात? फरार गुंड पोलिसांना सोडून त्याच्यापाशी का शरण येतो? त्याची दोन वाक्यं छापून आली की एखाद्या गायिकेचे कार्यक्रम कसे काय रद्द होतात?

या प्रश्नांची उत्तरं त्याच्या धंद्याच्या रचनेत आहेत. ती रचना समजली की चित्रपटही वेगळा दिसू लागतो.

विंचेलचा जन्म १८९७ साली न्यूयॉर्कमधल्या एका गरीब ज्यू कुटुंबात झाला. शाळा सहावीतच सुटली. पोरवयात तो व्हॉडव्हिलमध्ये शिरला. गाणी, नाच, नकला, कसरती असं सगळं एकाच तिकिटात दाखवणारा हा फिरता रंगमंच त्या काळी फार लोकप्रिय होता. कलाकार म्हणून तो बेताचाच, पण विंगेत काय शिजतंय याचा वास त्याला बरोबर लागायचा. कोणाचं कोणाशी जुळलंय, कोणाला नवा करार मिळालाय, असल्या बातम्या टाईप करून तो नाट्यगृहातल्या फलकावर लावू लागला. सहकलाकार आपलं नाव त्यात आहे का ते बघायला जमत. नाव असलं की धास्ती आणि नसलं की हिरमोड, हे त्याने तिथेच पाहून ठेवलं.

१९२४ साली तो न्यूयॉर्कच्या 'इव्हनिंग ग्राफिक' या टॅब्लॉइडमध्ये आला. हे वर्तमानपत्र कोणत्या थराला जाई याचं एकच उदाहरण देतो. १९२५ मध्ये ऱ्हाइनलँडर नावाच्या श्रीमंत घराण्यातल्या एका विवाहाचा खटला गाजत होता. पत्नी मिश्रवर्णीय आहे हे पतीला ठाऊक होतं की नाही, हा वादाचा मुद्दा. त्यासाठी तिला कपडे उतरवून अंगाचा रंग न्यायालयापुढे दाखवावा लागला. तिथे छायाचित्रकारांना मज्जाव होता. 'ग्राफिक'ने काय करावं? नट-नट्यांना उभं करून तो प्रसंग स्टुडिओत रचला, त्याचा फोटो काढला, त्यावर खऱ्या माणसांचे चेहरे चिकटवले आणि छापून टाकला. या प्रकाराला त्यांनी 'कॉम्पोझोग्राफ' असं नावही दिलं होतं. विंचेलचं सदर या वातावरणात वाढलं. त्याआधी प्रतिष्ठित वर्तमानपत्रं खासगी आयुष्याबद्दल लिहायला बिचकत. याने तो संकोच झटकून टाकला. तुटत आलेली लग्नं, अजून जाहीर न झालेली बाळंतपणं, लपवलेल्या भेटी, सगळं छापायला सुरुवात केली.

१९२९ मध्ये तो विल्यम रँडॉल्फ हर्स्ट या बड्या वर्तमानपत्र-मालकांच्या 'डेली मिरर'मध्ये गेला आणि इथून गणित बदललं. हर्स्ट यांची 'किंग फीचर्स' ही सिंडिकेट संस्था होती. एकाच लेखकाचा मजकूर गावोगावच्या वर्तमानपत्रांना विकायचा, हा सिंडिकेटचा धंदा. न्यूयॉर्कच्या रात्रीच्या क्लबमधली कुजबुज आता ज्यांनी न्यूयॉर्क कधी पाहिलंच नाही अशा गावांत सकाळच्या चहाबरोबर वाचली जाऊ लागली. भरात असताना त्याचं सदर दोन हजारांच्या आसपास वर्तमानपत्रांत येई. १९३२ पासून त्यात रविवार रात्रीच्या रेडिओची भर पडली. जर्गन्स लोशनची कंपनी प्रायोजक. मिनिटाला दोनशेच्या घरात शब्द, मध्येमध्ये तारयंत्राची कडकट्ट. ती कडकट्ट तो स्वतः हाताने वाजवी आणि तिला तारेच्या भाषेत काही अर्थ नसे. अर्थ नसला तरी परिणाम होता. बातमी आत्ता, या क्षणी, जगाच्या कुठल्यातरी टोकाहून येतेय असं ऐकणाऱ्याला वाटे. सदर आणि रेडिओ मिळून पाच कोटी अमेरिकनांपर्यंत तो पोचे, असा अंदाज दिला जातो. त्या काळी अमेरिकेची लोकसंख्याच तेरा कोटींच्या आसपास होती.

पण वाचक भरपूर असले म्हणून लोक घाबरतात असं नाही. भीती कुठून आली हे बघायला त्याच्या बातम्या कुठून येत हे बघावं लागतं.

त्याच्या एका सदरात डझनावारी छोट्या छोट्या ओळी असत, दोन ओळींच्या मध्ये तीन टिंबं. आठवड्यातून सहा दिवस एवढा माल एकटा माणूस हिंडून गोळा करूच शकत नाही. तो माल आणून देणारे लोक होते प्रेस एजंट. नट, गायक, हॉटेलवाले, निर्माते या एजंटांना पैसे मोजत, कशासाठी, तर आपलं नाव विंचेलच्या सदरात यावं म्हणून. विंचेलला एजंटांकडून हवा असे मजकूर. चुरचुरीत विनोद, एखादी फटकेबाज ओळ, किंवा दुसऱ्या कोणाचं तरी गुपित. अशा चार-पाच गोष्टी फुकट आणून दिल्या की एजंटाच्या गिऱ्हाइकाबद्दल एक बरी ओळ छापली जाई. वाण्याकडच्या उधारीच्या वहीसारखा हा हिशेब चाले, फक्त वही विंचेलच्या डोक्यात होती आणि बाकी किती हे तोच ठरवी. दिलेली बातमी खोटी निघाली तर एजंटाचं नाव काळ्या यादीत जाई. मग त्याच्या कुठल्याच गिऱ्हाइकाचं नाव सदरात येत नसे, आणि गिऱ्हाइकं दुसरा एजंट बघत.

यात जे छापलं जात नाही त्यालाही किंमत येते. एखाद्या नटाचं लफडं विंचेलला कळलंय. तो नट त्याला दुसऱ्याची बातमी देतो, आणि त्याची स्वतःची बातमी आज छापून येत नाही. आज येत नाही, उद्याचं कोणी सांगावं? असा माणूस मग कायमचा खबऱ्या होतो. विंचेलची सत्ता जितकी छापलेल्या ओळींत होती तितकीच, माझ्या मते त्याहून जास्तच, राखून ठेवलेल्या ओळींत होती. वाचकाला ती दिसत नसे. जे घाबरत होते त्यांना मात्र तीच दिसत असे.

हे व्यवहार बरेचसे न्यूयॉर्कमधल्या स्टॉर्क क्लबमध्ये होत. तिथलं ५० नंबरचं टेबल विंचेलचं. क्लबचे मालक शर्मन बिलिंग्सली यांना फुकट प्रसिद्धी मिळे, तिथे येणाऱ्या बड्या लोकांना छापून यायची संधी मिळे, आणि विंचेलला बसल्या जागी बातम्या मिळत.

आता कायद्याचा भाग. अब्रुनुकसानीचा दावा करायचा तर मजकूर आपल्याबद्दलच आहे हे दाखवावं लागतं. त्यावर गॉसिप सदरांचा ठरलेला तोडगा म्हणजे बिननावाची बातमी, जिला आजही 'ब्लाइंड आयटेम' म्हणतात. 'कोणत्या विवाहित निर्मात्याच्या गाडीत कोणती नवी तारका दिसली?' नाव नाही, पण त्या वर्तुळातल्या प्रत्येकाला ते कळतं. दावा ठोकला तर ती माणसं आपणच, हे जगाला आपणच सांगितल्यासारखं होतं. विंचेलकडे दुसरीही एक ढाल होती, त्याने स्वतः घडवलेली भाषा. 'घटस्फोट' असं सरळ न लिहिता तो फुगा फुटल्यासारखा नुसता एक आवाज लिही. आवाजावर खटला कसा भरणार?

आपल्याकडे मुंबईतही हा कारखाना चालला आणि तो उभारण्यात मराठी माणसं पुढे होती. बाबुराव पटेल यांनी १९३५ मध्ये 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक काढलं, आणि त्यांच्या जहाल लेखणीचा धसका मोठमोठ्या निर्मात्यांनी घेतला होता. पुढे १९६७ मध्ये ते लोकसभेवर निवडूनही गेले. नंतरच्या पिढीत 'स्टार अँड स्टाइल'मधलं देवयानी चौबळ यांचं सदर आणि १९७१ मध्ये सुरू झालेलं 'स्टारडस्ट'. त्या 'स्टारडस्ट'च्या पहिल्या संपादक शोभा राजाध्यक्ष, म्हणजे आजच्या शोभा डे. पण मुंबईची ही सत्ता मुख्यतः सिनेमापुरती राहिली. विंचेलची तशी राहिली नाही, आणि त्याची खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

गुप्त माहितीचा व्यापारी एकदा मोठा झाला की दुसरे तसेच व्यापारी त्याच्याकडे येतात. एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूवर आणि विंचेल यांचं चांगलंच मेतकूट जमलं. विंचेल सदरातून हूवर यांची प्रतिमा उजळवी, आणि हूवर यांच्याकडून त्याला आतल्या बातम्या मिळत. ऑगस्ट १९३९ मध्ये लेपके बुकाल्टर हा देशभर शोध चाललेला टोळीप्रमुख शरण आला तो विंचेलच्या मध्यस्थीने. विंचेलने त्याला न्यूयॉर्कच्या रस्त्यावर हूवर यांच्या हवाली केलं.

याच काळातलं त्याचं एक काम मात्र मला मनापासून मोलाचं वाटतं. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला तेव्हापासून विंचेल त्याच्यावर तुटून पडला. अमेरिकेतले बरेच प्रतिष्ठित लोक तेव्हा 'हा युरोपचा प्रश्न आहे' म्हणून गप्प होते. याने हिटलरची टिंगल केली, त्याला शेलकी नावं ठेवली, आणि अमेरिकेतल्या नाझी समर्थकांच्या 'जर्मन अमेरिकन बुंड' या संघटनेच्या पुढाऱ्यांची नावं उघड केली. लफडी उघडी पाडण्याची हत्यारं त्याने इथे वापरली आणि ती नेमकी लागू पडली. मालक हर्स्ट युद्धापासून दूर राहण्याच्या बाजूचे. त्याचा राजकीय मजकूर 'मिरर'मध्ये कापला जाऊ लागला, तेव्हा 'पीएम' या दुसऱ्या वर्तमानपत्रात त्याने टोपणनावाने लिहिलं. राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांचा तो कट्टर पाठीराखा होता. सरकारच्या मनातली गोष्ट पाच कोटी घरगुती कानांपर्यंत पोचवणारा माणूस म्हणून रुझवेल्ट यांच्या लेखीही तो मोलाचा होता. चित्रपटात क्रिस्टोफर प्लमर यांनी रुझवेल्ट साकारले आहेत.

म्हणून विंचेलला नुसता खलनायक ठरवणारी मांडणी मला पटत नाही. नीट समजून घ्यायला हवं ते पुढचं. हेच हत्यार, हाच हात, आणि दहा-बारा वर्षांत निशाणा पार फिरलेला.

ऑक्टोबर १९५१. जोसेफिन बेकर ही पॅरिसमध्ये नावाजलेली कृष्णवर्णीय अमेरिकन गायिका-नर्तिका मित्रांबरोबर स्टॉर्क क्लबमध्ये गेली. मागवलेलं जेवण कितीतरी वेळ आलंच नाही. वर्णभेदामुळेच आपल्याला वाढलं नाही, असा तिने जाहीर आरोप केला. विंचेल त्या रात्री क्लबमध्ये होता आणि तो गप्प राहिला असंही तिचं म्हणणं होतं. आपण त्याआधीच निघून गेलो होतो, असं त्याचं उत्तर. वर्णभेदाविरुद्ध पूर्वी लिहिलेल्या या माणसाला 'झालं ते वाईट झालं' एवढं म्हणून मोकळं होता आलं असतं. त्याऐवजी त्याने बेकरवरच मोहीम उघडली. ती कम्युनिस्टांना जवळची आहे, तिने एकेकाळी मुसोलिनीची बाजू घेतली होती, असं सदरातून एकामागून एक. त्या वर्षांत अमेरिकेत 'कम्युनिस्ट' हा शिक्का बसला की काम मिळणं बंद होई. बेकरचे कार्यक्रम रद्द होत गेले, आणि पुढे बराच काळ तिला अमेरिकेत रंगमंचावर उभं राहणं अवघड झालं.

रुझवेल्ट १९४५ मध्येच गेले होते. आता विंचेल कम्युनिस्टांच्या शोधमोहिमेने गाजलेले सेनेटर जो मॅकार्थी आणि त्यांचे वकील रॉय कोन यांच्या गोटात होता. मॅकार्थींची पद्धत म्हणजे नावांच्या यादीचा धाक, पुरावा नंतर, बहुतेकदा कधीच नाही. आणि ब्लाइंड आयटेम म्हणजे तरी दुसरं काय? सप्टेंबर १९५३ मध्ये विंचेलने प्रक्षेपणात सांगितलं की टेलिव्हिजनवरच्या एका अव्वल विनोदी अभिनेत्रीपुढे तिच्या कम्युनिस्ट पक्षाच्या सदस्यत्वाचा प्रश्न उभा राहिला आहे. नाव घेतलं नाही. अमेरिकेत टेलिव्हिजनवरची अव्वल विनोदी अभिनेत्री त्या वेळी एकच होती, लुसिल बॉल. खरी हकीकत एवढीच की १९३६ मध्ये तिने आजोबांच्या समाधानासाठी मतदार नोंदणीत त्या पक्षाचं नाव लिहिलं होतं. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकन संसदेच्या, समितीला तिने ते आधीच सांगून टाकलं होतं. ती तरली, कारण प्रेक्षक तिच्या पाठीशी राहिले आणि तिचे पती डेझी अर्नाझ यांनी स्टुडिओतल्या प्रेक्षकांसमोर उभं राहून सगळा आरोप उडवून लावला. तिच्याइतकं लोकप्रिय नसलेल्या किती जणांना असं तरून जाता आलं असेल?

आणि मग पोलिओ. मला हा प्रसंग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. १९५४ च्या एप्रिलमध्ये डॉ. जोनास साल्क यांच्या पोलिओ लशीची प्रचंड चाचणी सुरू व्हायची होती. ती अखेरीस अठरा लाख मुलांपर्यंत गेली. चाचणीच्या काही आठवडे आधी विंचेलने रविवारच्या कार्यक्रमात खणखणीत आवाजात सांगितलं की ही लस जीवघेणी ठरू शकते, काही साठ्यांमध्ये जिवंत विषाणू सापडले आहेत. कित्येक पालकांनी मुलांची नावं मागे घेतली. आता न्यायाने सांगायचं तर लस बनवण्यातली सुरक्षितता हा प्रश्न खोटा नव्हता. पुढच्याच वर्षी एका कंपनीच्या सदोष साठ्यांमुळे मुलांना पोलिओ झाला. पण असा प्रश्न विचारायला आकडे लागतात, तपासणी कोणी केली ते सांगावं लागतं, दुसऱ्या बाजूचं उत्तर घ्यावं लागतं. तीन टिंबांच्या मधल्या ओळीत यातलं काहीच मावत नाही. त्या ओळीत मावतो फक्त धक्का. नटीच्या लग्नाबद्दल ती ओळ चुकली तर दोन माणसांना त्रास होतो. लशीबद्दल तिने घबराट पसरवली तेव्हा जी मुलं घरीच ठेवली गेली, त्यांना यातलं काही ठाऊकही नव्हतं. १९५५ च्या एप्रिलमध्ये लस परिणामकारक असल्याचं जाहीर झालं.

उतरण मग भराभर झाली. १९५२ मध्ये 'न्यूयॉर्क पोस्ट'ने त्याच्यावर लांबलचक लेखमाला चालवली. त्याने त्या वर्तमानपत्राला आणि संपादकाला कम्युनिस्ट ठरवण्याचा प्रयत्न केला, त्यांनी दावा लावला, आणि १९५५ मध्ये त्याला शब्द मागे घ्यावे लागले. मॅकार्थी त्याआधीच घसरले होते. टेलिव्हिजनने उरलंसुरलं केलं. डोक्यावर हॅट, टाय सैल, समोर माइक आणि तोंडाचा पट्टा, हा अवतार रेडिओवर कल्पनेत भारी वाटे. पडद्यावर तो नुसता चिडलेला माणूस दिसे. 'ग्राफिक'मध्येच सदर लिहिलेला एड सलिव्हन टेलिव्हिजनवर वीसहून अधिक वर्षं टिकला, कारण मंचावर तो बाजूला उभा राहून दुसऱ्यांना पुढे करी. विंचेलला बाजूला उभं राहणं जमण्यासारखं नव्हतं. १९६३ मध्ये 'मिरर' बंद पडलं, १९७२ मध्ये तो गेला.

आता चरित्रपटाकडे. हा प्रकार बघताना एक प्रश्न आधी विचारावा, ही हकीकत कोणाच्या तोंडची? अमेरिकन कायद्यात मृत व्यक्तीची अब्रुनुकसानी होत नाही, त्यामुळे विंचेलला कसंही दाखवायला निर्माते मोकळे होते. आपल्याकडे तसं नाही. भारतीय दंडसंहितेच्या कलम ४९९ मध्ये, आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये, मृताची बदनामी नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केली तर तो गुन्हा ठरू शकतो. अमेरिकेत काळजी असते ती हयात लोकांची. म्हणून निर्माते बहुधा एखादं पुस्तक विकत घेतात, म्हणजे माहितीही मिळते आणि एका जाणकाराचं पाठबळही. या चित्रपटाला आधार आहे हर्मन क्लरफेल्ड यांच्या पुस्तकाचा. विंचेलसाठी पंचवीसहून अधिक वर्षं पडद्याआडून लिहिणारे ते हेच.

या निवडीमुळे काही गोष्टी मिळाल्या, काही निसटल्या. क्लरफेल्ड यांनी विंचेलला खोलीच्या आतून पाहिलं, पण ते पगारी सहकारी होते. त्यांच्या नजरेत आपुलकी आहे, आणि चित्रपटातही ती उतरते. बेकरच्या बाजूने पाहिलं असतं तर हाच माणूस फार वेगळा दिसला असता. शिवाय चाळीस वर्षांचं आयुष्य दोन तासांत बसवायचं म्हटलं की वर्षं एकमेकांत मिसळतात, अनेक माणसांचं एक पात्र होतं, खोलीत कोणी ऐकायला नसताना झालेले संवाद लिहावे लागतात. 'ग्राफिक' नटांच्या अंगावर खरे चेहरे चिकटवी, चरित्रपट खऱ्या नावावर नटाचा चेहरा चिकटवतो. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की चरित्रपट हे लपवत नाही.

विंचेलच्या घरची हकीकत या संदर्भात माहीत असलेली बरी. पहिलं लग्न मोडल्यावर जून मॅगी हिच्याबरोबर त्याने अख्खा संसार केला, मुलं वाढवली, पण त्यांचं कायदेशीर लग्न कधीच झालं नव्हतं. लोकांच्या घरातलं छापणाऱ्या या माणसाने आपल्या घरातली ही गोष्ट जन्मभर बाहेर जाऊ दिली नाही. एक ओळ छापली गेली की घराचं काय होतं, हे त्याच्याइतकं चांगलं कोणाला ठाऊक असणार?

चित्रपट बघाल तर टुचीचं काम डोळ्यांत भरेलच. त्याची गती, तो आवाज, माणसाच्या चेहऱ्याजवळ जाऊन बोलण्याची धमकीवजा लकब. पण माझं लक्ष पॉल जियामाटीने केलेल्या क्लरफेल्डवर जास्त राहिलं. पाच कोटी लोक ज्याला एका माणसाचा आवाज समजत होते, त्यातली कित्येक वाक्यं एजंटांनी आणलेली आणि या दुसऱ्या माणसाने बांधलेली होती. हिटलरवरची टीका असो की गायिकेवरचा हल्ला, खाली सही एकाचीच. कारखाना कसा चाले ते कळायला क्लरफेल्ड टाईपरायटरपाशी बसलेले आहेत ते प्रसंग नीट बघा.